रांगेतला ट्रॉम्बोन

श्रोतेहो, लग्नाच्या वरातीपुढे किंवा गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा पितळी वाद्यांचा बँड तुम्ही पुष्कळदा पाहिला असेल. एखाद्या मोठ्या बँडमध्ये एक वादक असा दिसतो की, तो आपल्या वाद्याची नळी सारखी पुढे-मागे सरकवीत असतो. मुले इतर सारे वादक सोडून त्याच्याकडेच पाहत राहतात. ही एवढी लांब नळी बाहेर येते कुठून आणि जाते कुठे, याचे त्यांना मोठे नवल वाटते. या वाद्याचे नाव ट्रॉम्बोन.

आज मी तुम्हाला ट्रॉम्बोन वाजविणाऱ्या विद्यार्थ्याची हकीकत सांगणार आहे. हा विद्यार्थी आपल्याकडचा नव्हे, अमेरिकेतला. तिकडच्या कॉलेजांत दोनशे-अडीचशे विद्यार्थ्यांचे बँड असतात. ही मुले-मुली नुसती उभी राहून वाजवीत नाहीत. मैदानावर कवायत करीत, चालत, वळत, मागे सरत वाजवितात. तुम्ही म्हणाल, त्या बँडशी आपला काय संबंध? संबंध असा की, त्या पथकातली बरीच मुले संगीत शिकणारी नसतात. कुणी शेतकी शिकतो, कुणी यंत्रविद्या, कुणी हिशेबशास्त्र. पुढे जन्मभर ती पोटासाठी वाद्य वाजविणार नसतात. मग इतका खटाटोप ती कशासाठी करतात, आणि त्यातून त्यांना काय मिळते, हा प्रश्न शाळा चालविणाऱ्या आणि मुले शाळेत पाठविणाऱ्या आपणा सर्वांचाच आहे.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. ट्रॉम्बोन हा शब्द इटालियन. त्याचा अर्थ मोठा कर्णा, एवढाच. युरोपात हे वाद्य पंधराव्या शतकापासून आहे. बेथोव्हेन या थोर संगीतकाराच्या पाचव्या सिंफनीचा पहिला प्रयोग १८०८ साली झाला. तिच्या अखेरच्या भागात त्याने ट्रॉम्बोन घेतला आहे. वाद्याची नळी उलगडून सरळ केली, तर सुमारे नऊ फूट भरेल. तीच दुमडून वादकाच्या खांद्यावर बसती केलेली असते. तोंडाला लावायची एक लहानशी पितळी वाटी असते. तिच्यात ओठ मिटून फुरफुर अशी फुंक घालायची, म्हणजे नळीतली हवा कंप पावते आणि स्वर निघतो.

आपल्या बासरीला भोके असतात. बोटे एकेक उचलली की आतला हवेचा स्तंभ आखूड होतो आणि स्वर चढतो. ट्रॉम्बोनला भोके नाहीत आणि पट्ट्याही नाहीत. त्याची दुहेरी नळी उजव्या हाताने बाहेर सरकवायची. नळी लांबली की स्वर उतरतो. सरकविण्याचे मुक्काम सात. एका मुक्कामावरून पुढच्यावर गेले की, पेटीची काळी-पांढरी धरून एक पट्टी खाली यावे तसा अर्धा स्वर उतरतो. पण गंमत अशी की, हे सात मुक्काम नळीवर कुठेही आखलेले नसतात. तिसरा मुक्काम कर्ण्याच्या तोंडाच्या जरा अलीकडे आणि चौथा जरा पलीकडे, एवढीच काय ती डोळ्याला खूण. बाकी सारे हाताला आणि कानाला ठाऊक असावे लागते. सारंगी वाजविणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपल्या गाण्यातली मींड या वाद्यावर सहज निघते. आणि नको असते तिथेही निघते, ही खरी पंचाईत! बोट-दोन बोटे चूक झाली की स्वर बेसूर झालाच.

आता हे वाद्य घेऊन चालायचे, ही दुसरी गोष्ट. नळी पूर्ण बाहेर काढली की ती सुमारे दोन फूट पुढे जाते. पुढे माणूस असला तर त्याच्या पाठीत बसायची! म्हणून मिरवणुकीत चालणाऱ्या बँडमध्ये ट्रॉम्बोनवाल्यांना बहुधा पहिल्या रांगेत ठेवण्याची वहिवाट पडली. नाव मोठेपणाचे, कारण साधे सोयीचे. मेरेडिथ विल्सन या संगीतकाराचे ‘द म्युझिक मॅन’ हे संगीत नाटक १९५७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. १९१२ सालच्या आयोवातल्या एका लहान गावाची ती कथा आहे. एक लबाड फिरता विक्रेता गावकऱ्यांना बँडची वाद्ये आणि गणवेश विकायला येतो. स्वतःला संगीतातले अक्षर येत नाही. पण गावाला बँडचे असे वेड लावतो की, अखेर तो स्वतःच त्या गावात अडकतो. त्या नाटकातले सर्वांत गाजलेले गाणे शहात्तर ट्रॉम्बोनांचे आहे. तिकडे खेड्यापाड्यांत बँडचे केवढे अप्रूप होते, ते यावरून ध्यानात येईल.

क्षणभर तुम्हीच तो विद्यार्थी आहात असे समजा. अठरा वर्षांचे वय, घर सोडून कॉलेजात आलेले. शरद ऋतूतले वर्ग सुरू होण्याच्या सुमारास, ऑगस्टच्या उन्हात, बँडचे शिबिर भरते. पहिल्या दिवशी तुम्हाला वाटते की, आता गाणी वाजवायची. पण आधी शिकवितात ते चालायला! पाऊल टाकताना टाच आधी टेकवायची आणि तळवा हळूच पुढे लोळवायचा. कमरेच्या वरचे शरीर हलता कामा नये. का? तर पावलाचा धक्का ओठांपर्यंत पोचला की स्वर थरथरतो. आपल्याकडे डोक्यावर भरलेली घागर घेऊन पाणंदीने येणारी बाई आठवा. पाय चालतात, कंबर लवते, पण घागरीतले पाणी हिंदकळत नाही. अगदी तसेच चालायचे. फक्त घागरीच्या जागी दीड-दोन किलोचे, पुढच्या बाजूला ओढणारे वाद्य. त्याचा सारा भार डाव्या हातावर, कारण उजवा हात नळीवर गुंतलेला.

मग पावलांचे माप. तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळण्याचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा तो खेळ. त्याचे मैदान दोन्ही टोकांच्या गोलरेषांच्या दरम्यान तीनशे फूट लांब आणि एकशे साठ फूट रुंद असते. त्यावर दर पाच यार्डांना एक पांढरी रेघ ओढलेली. दोन रेघांमध्ये बरोबर आठ पावले टाकायची, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे. उंच मुलाचेही तेवढेच आणि ठेंगण्या मुलीचेही तेवढेच. सारे मैदान म्हणजे आलेखाचा कागद आणि तुम्ही त्यावरचा एक ठिपका. कुठल्या मात्रेला कुठे असायचे, हे प्रत्येकाला आखून दिलेले असते. पूर्वी ते कागदावर मिळे, आता पुष्कळ ठिकाणी फोनवर मिळते. बहुतेक बँडांत वाजवायचे सगळे तोंडपाठ करावे लागते.

इथे एक गोष्ट शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी आहे. आपण भजनात ताल धरतो तो कानाने. मृदंगाची थाप ऐकली की टाळ वाजतो. मैदानावर मात्र कान दगा देतात. आवाज एका सेकंदात सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो. मैदान एक्क्याण्णव मीटरांचे. म्हणजे एका टोकाचा ढोल दुसऱ्या टोकाला ऐकू यायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. मिनिटाला एकशे वीस मात्रांची लय असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची झाली. तेव्हा दूरच्या ढोलाचे ऐकून जो वाजवील, तो अर्ध्या मात्रेने मागे पडेल. म्हणून चौथऱ्यावर उभ्या असलेल्या ड्रम मेजरच्या हातांकडे पाहायचे. आवाज मागे राहतो, प्रकाश राहत नाही. वारीतल्या लांबलचक दिंडीत पुढच्या टाळांचा आणि मागच्या टाळांचा ठेका जरासा मागेपुढे ऐकू येतो, त्याचेही कारण हेच.

नोव्हेंबर उजाडला की उत्तरेकडच्या राज्यांत गोठविणारी थंडी पडते. थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो, त्यामुळे पितळी वाद्याचा स्वर उतरतो. श्वासातल्या वाफेचे नळीत पाणी होते. ते गोठले तर सरकती नळी जागीच अडते. म्हणून ट्रॉम्बोनवाले वाजविण्यापूर्वी नुसतीच गरम फुंक घालून वाद्य ऊबदार ठेवतात, नळी अधूनमधून हलवीत राहतात. एवढे करून मैदानावर मिळते काय? सामन्याच्या मध्यंतरातली काही मिनिटे! पैसे तर बहुतेक ठिकाणी नाहीतच. फार तर अभ्यासक्रमातला एखादा श्रेयांक.

मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाभोवती एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. एवढ्या गर्दीत एका ट्रॉम्बोनवाल्याचा स्वर वेगळा कुणाला ऐकू येणार? त्याची आई आलेली असली, तर तीही पहिली रांग, डावीकडून सातवा, असे मोजून त्याला ओळखणार. सर्वांचा गणवेश एक, टोपी एक, पाऊल एक. तो बरोबर असला तर कुणाचे लक्ष जात नाही. पाऊल चुकला तर मात्र सरळ रेघेला बाक आलेला त्या लाखभर लोकांना दिसतो.

ओहायो राज्य विद्यापीठाचा बँड पाहा. तो १९३६ सालापासून मैदानावर चालत चालत आपल्या राज्याचे नाव वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहितो. त्या नावातल्या एका अक्षरावर शेवटी टिंब द्यायचे असते. तो मान सुझाफोन नावाचे भले मोठे वाद्य वाजविणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मिळतो. तो टिंबाच्या जागी जाऊन वाकून नमस्कार करतो आणि सारे मैदान दणाणून जाते. ट्रॉम्बोनवाला मात्र त्या शाईतला एक थेंब. शिवाय या बँडमध्ये मैदानावरच्या जागांपेक्षा वादक जास्त घेतात. जादा असतील ते राखीव. राखीव विद्यार्थी नियमित विद्यार्थ्याला आव्हान देऊ शकतो. दोघांनीही वाजवून आणि चालून दाखवायचे. जो सरस ठरेल, तो त्या खेपेला रांगेत. म्हणजे आज रांगेत असलेला उद्या बाहेर बसू शकतो, आणि तरी सरावाला त्याने रोज यायचेच. त्या थेंबाची जागाही अशी कमवावी लागते.

हे सारे सुरू कसे झाले, तेही सांगितले पाहिजे. १८६२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. अब्राहम लिंकन तेव्हा अध्यक्ष होते. सरकारी जमिनी राज्यांना द्यायच्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेतकी व यंत्रविद्येची कॉलेजे काढायची, असा तो कायदा होता. शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे, हा त्यातला हेतू. त्याच कायद्यात लष्करी कवायत शिकविण्याचीही अट होती. कवायत आली म्हणजे ढोल आला, आणि ढोलामागोमाग कर्णे आले. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा बँड १८८६ साली अवघ्या पाच ढोलवाल्यांनी सुरू झाला. १९०७ साली त्याने लष्करी रांगा मोडून मैदानावर आपल्या विद्यापीठाचे पहिले अक्षर उभे केले. मैदानावर असे अक्षर काढणारा पहिला बँड म्हणून तो ओळखला जातो. या विद्यापीठाची ख्याती यंत्रविद्येची आणि शेतकीची. तिथला बँड वाढला तो संगीताच्या महाविद्यालयाच्या आधाराशिवाय. १९५५ साली पर्ड्यूतून विमानविद्येची पदवी घेऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी त्या बँडमध्ये बॅरिटोन वाजवीत असे. बॅरिटोन म्हणजे ट्रॉम्बोनचाच भाऊबंद. नळी तेवढीच नऊ फुटांची, फक्त सरकविण्याऐवजी बोटांनी खटके दाबायचे. त्या विद्यार्थ्याचे नाव नील आर्मस्ट्राँग. १९६९ साली चंद्रावर पहिले पाऊल ठेवले, ते यानेच. बँडमुळे तो चंद्रावर गेला, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण जगात सर्वांत प्रसिद्ध झालेले पाऊल टाकणारा माणूस एकेकाळी इतरांच्या पावलात पाऊल मिळवून चालायला शिकत होता, एवढे मात्र खरे.

श्रोतेहो, पथकाचे हे चित्र सगळेच उजळ नाही. ओहायोच्या त्याच बँडमध्ये १९७३ सालापर्यंत मुलींना प्रवेश नव्हता. शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करू नये, असा कायदा १९७२ साली झाला आणि त्यानंतर दार उघडले. फ्लॉरिडा राज्यात टॅलाहासी येथे काळ्या लोकांसाठी काढलेले शेतकी व यांत्रिकी कॉलेज होते. गोऱ्यांच्या विद्यापीठात त्या मुलांना तेव्हा मज्जाव होता. १९४६ साली विल्यम फॉस्टर तेथे बँड घडवायला आले. विद्यार्थिदशेत त्यांना सांगण्यात आले होते की, काळ्या माणसाला बँडचा संचालक म्हणून कुणी नोकरी देणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. बँड उभा केला. गुडघा उंच उचलून झपाझप टाकलेली पावले, त्याच दमात वाद्यांचे हेलकावे, आणि तरीही स्वर शुद्ध. १९९८ सालापर्यंत, बावन्न वर्षे, ते काम त्यांनी केले. फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षे झाली, तेव्हा १९८९ साली पॅरिसच्या भव्य संचलनात अमेरिकेतर्फे याच मुलांचे पथक गेले. ज्यांना आपल्याच राज्यातले दार बंद होते, त्यांच्या मागून आलेल्या पिढीने देशाचे प्रतिनिधित्व केले.

आणि त्याच बँडची दुसरी हकीकत ऐका. २०११ साली, सामन्यानंतर, पथकाच्या बसमध्ये, पथकातल्याच एका विद्यार्थ्याला सोबत्यांनी मारहाण केली. भांडण नव्हते, वैर नव्हते. ही मारहाण सोसून दाखविली म्हणजे पथकात मान मिळतो, अशी एक दुष्ट रूढी आतल्या आत पडली होती. त्या मारहाणीत तो विद्यार्थी दगावला. विद्यापीठाने बँड बंद ठेवला. तो पुन्हा मैदानावर आला २०१३ साली.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. एकत्र चालण्याची ताकद मोठी असते, म्हणून तिच्यातला धोकाही मोठा असतो. “आपण सारे एक” या भावनेतून जे बळ येते, त्याच भावनेतून “याला आपल्यासारखा करू” ही दांडगाईही येते. आपल्या महाराष्ट्रातही वसतिगृहांत असले प्रकार झाले. १९९९ साली छळबंदीचा, म्हणजे रॅगिंगविरुद्धचा, कायदा करावा लागला. कायदा हवाच. पण पोरे एकत्र नांदतात तिथे कुणातरी वडीलधाऱ्याचे लक्ष हवे, हे कायद्याने भागत नाही. पथक बांधणारा शिक्षक सरावापुरता असून चालत नाही. सराव संपल्यावर बसमध्ये, खोलीत, पटांगणाच्या कडेला काय चालते, हेही त्याला ठाऊक असले पाहिजे.

मग त्या ट्रॉम्बोनवाल्याला अखेर मिळते काय? टाळ्या त्याच्या एकट्याच्या नसतात, बक्षीस नसते, पुढे नोकरीही त्यावर मिळत नाही. पण दोनशे माणसांत आपली साडेबावीस इंचांची जागा नेमकी सांभाळायची, ही सवय त्याला लागते. कुणी पाहत नसतानाही काम चोख करायचे असते, हे तो शिकतो. आणि शेजाऱ्याचे पाऊल चुकले तर त्याला शिव्या न देता, आपले पाऊल आणखी नेमके टाकून रेघ सावरायची असते, हेही शिकतो. पुष्कळ कॉलेजांत वर्षातून एकदा जुने विद्यार्थी परत येतात. साठी उलटलेली माणसे पेटीतून ट्रॉम्बोन काढतात, नळीला तेल देतात आणि तरुणांच्या बरोबरीने मैदानात उतरतात. त्यांची पोटे सुटलेली असतात, दम लागतो. पण आठ पावलांत पाच यार्ड, हे पायांना आठवत असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याकडे ट्रॉम्बोन नसेल, लेझीम तर आहे! स्वातंत्र्यदिनासाठी लेझीम बसविताना आपण काय करतो? ज्यांचे पाऊल बरे पडते अशी वीस-पंचवीस मुले निवडतो आणि बाकीची भिंतीच्या कडेला बसवितो. पाहुण्यांपुढे शाळेची शोभा होते, हे खरे. पण ज्या मुलाचे पाऊल पडत नाही, त्यालाच रांगेची गरज जास्त असते. गाण्यात तो कधी पहिला येणार नाही, धावण्यातही नाही; बऱ्याच वेळा परीक्षेतही नाही. आपल्यावाचून काहीतरी अडते, हा अनुभव त्याला कुठे मिळायचा? दोन रांगा वाढवा. चुकणाऱ्याला चुका न करणाऱ्याच्या शेजारी उभा करा. राखीव मुलांनाही आळीपाळीने आत घ्या. पहिले चार दिवस लेझीम नको, नुसते चालायला शिकवा. कार्यक्रम थोडा कमी देखणा झाला तरी हरकत नाही.

आणि आईबापांना एवढेच सांगायचे आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी शाळेच्या पथकात मागच्या रांगेत कुठेतरी असेल, दिसतही नसेल, तरी कार्यक्रमाला जरूर जा. रांग मोजा आणि आपले मूल शोधून काढा. घरी आल्यावर “तू कुठे होतास, दिसलाच नाहीस” असे म्हणू नका. “तिसऱ्या रांगेत उजवीकडून पाचवा, बरोबर ना?” असे विचारा.